जुना फेरफार ‘सापडत नाही’ म्हणजे नेमके काय?

मुंबई इलाख्यातली महसुलाची घडी ज्या जमीन मोजणीने बसवली, तिची सुरुवात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात केली. तेव्हापासून साठत आलेले महसुलाचे दप्तर आज संगणकावर येते आहे. मात्र त्यात जुना कागद शोधताना बारामती-इंदापूरकरांना काही गैरसमज नडतात.

गैरसमज : गट नंबर टाकला, काही आले नाही, म्हणजे नोंदच नाही.
वस्तुस्थिती : गट नंबर एकत्रीकरण योजनेनंतर पडले आणि त्या योजनेचा कायदा १९४७चा. त्याआधीची नोंद सर्व्हे नंबरखालीच असणार. म्हणून आधी जुना सर्व्हे नंबर काढा, मग शोध घ्या. तरीही नाही मिळाले, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. कागद स्कॅन व्हायचा राहिलेला असू शकतो.

गैरसमज : स्कॅन केलेल्या कागदातले नाव संगणक शोधून देतो.
वस्तुस्थिती : स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. शोध चालतो तो त्याच्यासोबत भरलेल्या माहितीवर : गाव, दस्ताचा प्रकार, नंबर, वर्ष. ती भरताना गावाचे नाव चुकले, तर कागद साठ्यात असूनही हाती लागत नाही. मोडीतली पाने तर जाणकारालाच वाचावी लागतात. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचकांची गरज पडली, ती यामुळेच.

गैरसमज : सातबाऱ्यावरून आजोबांचे नाव गेले, म्हणजे नोंद पुसली.
वस्तुस्थिती : नाव कमी होते ते फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, आणि तो फेरफार गाव नमुना सहा या नोंदवहीत राहतो. उताऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरून एकेक पायरी मागे जाता येते. नाव निव्वळ लिहिण्याच्या चुकीने गळले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वारसाचा किंवा मालकीचा वाद या कलमाने सुटत नाही.

गैरसमज : महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा कुठेही चालतो.
वस्तुस्थिती : तो पाहण्यापुरता आहे. कामाला लागतो तो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. ही सोय १ मे २०१८ला सुरू झाली.

थोडक्यात, शोधाला जाताना नुसते नाव नेऊ नका. गाव, जुना नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे साल लिहून न्या. ऑनलाइन असो वा अभिलेख कक्षात, कागद त्यांच्याच आधाराने निघतो.