पोर्टल म्हणते ‘जमा’, पासबुक म्हणते ‘नाही’

नोव्हेंबर 2024 मध्ये कोलकात्यासह पश्चिम बंगालच्या अनेक जिल्ह्यांतल्या शाळांत एकच तक्रार येऊ लागली. टॅब घेण्यासाठी राज्य सरकारच्या ‘तरुणेर स्वप्न’ योजनेतून विद्यार्थ्यांना प्रत्येकी 10,000 रुपये मिळायचे होते. सरकारी नोंदीनुसार पैसे गेलेही होते. मुलांच्या पासबुकात मात्र दमडी नव्हती. तपास झाला तेव्हा कळले, की पोर्टलवर मुलांची नावे जागच्या जागी आहेत, फक्त त्यांच्यासमोरचे खाते क्रमांक कुणीतरी बदलले आहेत. धागेदोरे पोचले थेट उत्तर दिनाजपूर जिल्ह्यातल्या चोपडा भागात. फटका बसलेल्या मुलांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

‘सगळे ऑनलाइन झाले, आता कोण खाणार?’ हा आपल्याकडचा लाडका समज. संगणकाला दिसतो तो खाते क्रमांक. तो खरा असला, बँकेत चालू असला, की रक्कम सुटते. ते खाते त्याच मुलाचे आहे का, हे वेगळे तपासावे लागते. शाळेचा पासवर्ड भलत्याच्या हाती गेला, तर कुलूप कितीही भारी असले तरी किल्ली चोराकडे.

याच घटनेची दुसरी बाजूही पाहायला हवी. प्रत्येक रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या शाखेतल्या कोणत्या खात्यात गेली, याची नोंद होती. म्हणून तर पोलिसांना माग काढता आला आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतून लोक पकडले गेले. रोख वाटपाच्या काळात अंगठ्याच्या ठशांनी भरलेले मस्टर घेऊन पोलीस कुठवर गेले असते?

आता परदेशी मदतीकडे वळू, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. कोलकात्याच्या बेहाला, जोका अशा कडेच्या वस्त्यांत मलनिस्सारण आणि पाण्याच्या कामांसाठी रस्ते उकरले गेले, तो महापालिकेचा प्रकल्प आशियाई विकास बँकेच्या पैशातून चालला. 2013 मध्ये बँकेने त्यासाठी 40 कोटी डॉलरपर्यंतचा कार्यक्रम मंजूर केला. ‘बाहेरून इतके आले, गेले कुठे?’ हा प्रश्न मग ठरलेलाच. पण ती देणगी नव्हती, कर्ज होते. आणि ते एकरकमी येतही नाही. बहुतेक वेळा आधी इथले सरकार आपल्या खिशातून खर्च करते, बिले आणि प्रमाणपत्रे जोडून दावा पाठवते, केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा मदत-लेखा विभाग तो तपासून बँकेच्या पोर्टलवर चढवतो आणि नंतर डॉलर येतात. म्हणजे ‘मंजूर’, ‘मिळाले’ आणि ‘खर्च झाले’ हे तीन वेगळे आकडे आहेत. राजकीय भाषणांत त्यांची सर्रास खिचडी होते.

यात आणखी एक मेख आहे. 2005 पासून, बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, असे कर्ज बहुतेक राज्यांना मूळच्याच अटींवर मिळते. व्याजाबरोबर विनिमयदराचा फटकाही राज्याच्याच माथी. 2013 च्या अखेरीस डॉलर साधारण 62 रुपयांना होता, 2024 च्या अखेरीस 85 च्या पुढे. प्रकल्पाच्या पडद्यावर डॉलरचा आकडा हलत नाही, रुपयातला बोजा वाढतो. हुगळी नदीच्या पोटातून 2024 पासून धावणारी मेट्रोही जपानी कर्जाच्या आधारावर उभी आहे. तिचा हिशेब येनमध्ये.

दिल्लीत कुठेतरी एक भलामोठा संगणक आहे आणि त्यात सगळे दिसते, अशीही अनेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात केंद्राची सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे पीएफएमएस, वेगळी; राज्याच्या कोषागाराची वेगळी; कर्ज देणाऱ्या बँकेचे पोर्टल तिसरे; आणि प्रत्येक खात्याची आपली चूल. जागतिक बँकेने जानेवारी 2022 मध्ये पश्चिम बंगालला 12.5 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा तिने नोंदवले होते, की राज्यात सामाजिक साहाय्य, सेवा आणि रोजगाराच्या 400 हून अधिक योजना चालतात. यातल्या बऱ्याचशा ‘जय बांगला’ या एका छत्राखाली आणलेल्या होत्या. कर्जाचा एक हेतूच हा होता, की गरजूंना या योजनांचा लाभ नीट पोचावा आणि त्यासाठी एकत्रित वितरण यंत्रणा उभी राहावी. एकच विधवा तीन याद्यांत तीन स्पेलिंगने असेल, तर समन्वय करायचा कुणाशी?

महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये. जुलै 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या सुमारे 26.34 लाख लाभार्थ्यांना अपात्र ठरवून त्यांचे पैसे थांबवल्याचे खुद्द मंत्र्यांनी सांगितले. त्यांत पुरुषही निघाले. इतर खात्यांच्या याद्यांशी ताळमेळ घातल्यावर हे कळले. पैसे मात्र कित्येक महिने जात राहिले होते.

परदेशी मदतीच्या नोंदींबाबत बंगालच्या शेजारी, ढाक्यात, चित्र निराळे आहे. देणगीदारांनी आपापले सवतेसुभे मांडू नयेत, यजमान देशाच्याच यंत्रणेतून काम करावे, असे 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात ठरले. बांगलादेशाने 2014 मध्ये परदेशी मदतीची माहिती देणगीदारांनीच भरावी अशी स्वतःची प्रणाली उभारली. भारताला तशी निकड भासली नाही. 2003 मध्येच आपण बहुतेक छोट्या देणगीदार देशांना नम्रपणे नको म्हटले होते आणि 2012 पासून तर इतर देशांना मदत देण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयात वेगळा विभाग आहे. त्यामुळे इथली डोकेदुखी जास्त करून केंद्र आणि राज्य यांच्यातली.

याचा सर्वांत कडवट नमुना रोजगार हमीचा. मजुरांची नावे, हजेरी, कामाचे फोटो, सगळे पोर्टलवर होते. तरीही गैरप्रकारांचे कारण देत केंद्राने 9 मार्च 2022 पासून रोजगार हमी कायद्याच्या कलम 27 खाली पश्चिम बंगालचा निधी अडवला. सर्व्हर ठणठणीत होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये, 1 ऑगस्टपासून काम पुन्हा सुरू करा, असा आदेश दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचे अपील फेटाळले. तीन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मजूरही त्याच यादीत अडकून पडले होते. निधी सोडायचा की रोखायचा, हा निर्णय माणसांचाच असतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

‘फोटो आहे, म्हणजे पुरावा आहे’ हा समज अम्फानने पुसला. 20 मे 2020 ला ते वादळ बंगालवर आदळले. घर पडलेल्यांसाठी राज्याने 20,000 रुपये जाहीर केले आणि काही आठवड्यांतच याद्यांवरून बोंब उठली: पक्क्या घरांचे मालक, स्थानिक पुढाऱ्यांचे नातलग यादीत, ताडपत्रीखाली राहणारे बाहेर. डिसेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने कॅगला लेखापरीक्षणाचा आदेश दिला. भिंत कुठे आहे, हे फोटोवरच्या जिओटॅगला कळते. ती वादळात पडली की दोन वर्षांपूर्वी, हे शेजारणीला ठाऊक असते.

त्याच डिसेंबरात ‘दुआरे सरकार’ची शिबिरे सुरू झाली. नावाचा अर्थच ‘दारी आलेले सरकार’. 2021 मध्ये ‘लक्ष्मीर भांडार’ या महिलांच्या अर्थसाहाय्य योजनेसाठी बायकांच्या रांगा लागल्या, तेव्हा अर्ज शिबिरातच, फुकट आणि प्रत्येकावर स्वतंत्र क्रमांक छापून दिले गेले, बाहेर झेरॉक्स विकून कुणी गल्ला भरू नये म्हणून. या डिजिटल योजनेची पहिली पायरी कागदाचीच होती, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचा अर्ज कुणीतरी शेजारी बसून भरत होते.