ट्रँगल वाजवणाऱ्याची रात्र

रशियन विनोदी कथा म्हटली की आपणांस चेखॉव्ह आठवतो. मिखाईल झोश्चेन्को (१८९४–१९५८) हा त्याच्यानंतरच्या पिढीतला. आपल्याकडे तो फारसा वाचला गेला नाही, याची मला खंत वाटते. १९१७ च्या क्रांतीने झारशाही गेली, यादवी युद्ध झाले, नवे कायदे आले. या उलथापालथीत कारकुनाचे, वादकाचे, मास्तरचे काय झाले, एवढेच झोश्चेन्को पाहतो.

त्याची ‘भयंकर रात्र’ ही १९२५ ची कथा घेऊ. नायक कोतोफेयेव वाद्यवृंदात ट्रँगल वाजवतो. वाकवलेल्या सळईवर अधूनमधून एक ठोका द्यायचा, एवढेच त्याचे काम. संसारही बरा चालला आहे. एके दिवशी त्याला एक भिकारी भेटतो. हा पूर्वीचा सुलेखनाचा शिक्षक! शाळांतून तो विषयच काढून टाकला गेला आणि मास्तर रस्त्यावर आले. कोतोफेयेवच्या मनात येते, उद्या विजेवर वाजणारा ट्रँगल निघाला तर? त्या धास्तीने तो रात्री सैरावैरा धावत सुटतो, लोक मागे लागतात, आणि अखेर चर्चच्या मनोऱ्यावर चढून तो घंटा बडवू लागतो.

हे वाचताना मला माझ्या बालपणीचे मोडीचे मास्तर आठवतात. मोडीचा तास बंद झाल्यावर ते इतरांच्या हजेरीपटांवर नावे लिहून देत बसत. अक्षर मोत्यासारखे! आम्ही मुले मात्र त्यांना हसत असू.

झोश्चेन्कोचेही वाचक पोट धरून हसले. त्याचे कारण त्याच्या निवेदकात आहे. हा निवेदक अर्धशिक्षित. वर्तमानपत्री घोषणा आणि बाजारातली बोली यांची तो खिचडी करतो, मूळ विषय सोडून भलतेच सांगत बसतो आणि वर वाचकांची क्षमा मागतो. १९२७ च्या ‘भावविवश कथां’च्या प्रस्तावनेखाली तर कोलेन्कोरोव्ह या काल्पनिक लेखकाची सही आहे. उपहास नेमका कोणाचा, जुन्याचा की नव्याचा, हे वाचकाने ठरवायचे. सत्तेने ते आपल्या परीने ठरवले : १९४६ साली पक्षाने त्याची जाहीर निर्भर्त्सना केली व लेखक संघातून त्याचे नाव कमी झाले.

कथेचा शेवट सांगावयाचा राहिला. कोतोफेयेव पुन्हा वाद्यवृंदात येऊन बसतो, केस नीट विंचरलेले, हातात तोच ट्रँगल. नाकापासून ओठांपर्यंत दोन सुरकुत्या तेवढ्या नव्या आहेत.