विवेक आणि विश्वास : नीळकंठशास्त्री गोरे व पंडिता रमाबाई

नीती, बुद्धी आणि श्रद्धा यांचे परस्परांशी नाते काय, हा ख्रिस्ती धर्मविचारातील फार जुना प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात तो भारतात आला तेव्हा त्याला मिळालेले वळण ही युरोपातील वादाची केवळ पडछाया नव्हती. त्या काळी जे शास्त्रीपंडित ख्रिस्ती झाले, त्यांना वाद करणे मिशनऱ्यांनी शिकविले नव्हते. प्रमाण, हेतू, दृष्टान्त ही त्यांची घरचीच आयुधे होती आणि नव्या धर्मात शिरताना ती त्यांनी दाराबाहेर ठेवली नाहीत. मराठी वाङ्मयेतिहासात या मंडळींची नोंद बहुधा धर्मांतराच्या प्रकरणात होते आणि तेथेच संपते. त्यांच्या विचाराची जडणघडण तपासण्याचे श्रम क्वचितच घेतले जातात.

नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८३९ मध्ये जॉन म्यूर याने ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहून असे प्रतिपादिले की, धर्माची परीक्षा बुद्धीने करावी आणि त्या परीक्षेत ख्रिस्ती धर्मच उतरतो. त्याला उत्तर म्हणून १८४४ च्या सुमारास, वयाची विशीही गाठली नसताना, गोरे यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. अतीन्द्रिय विषयांत तर्काला स्वतंत्र गती नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा आणि मग त्या शास्त्राच्या रक्षणापुरता तर्क, हा त्यांचा पक्ष होता. पुढे १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. पूर्वी ज्या तर्काला त्यांनी शास्त्राच्या दारावर रखवालदार म्हणून बसविले होते, तोच आता सहाही दर्शनांची झडती घेऊ लागला. यात वेदान्तावरील त्यांची टीका सर्वांत मर्मग्राही आहे. सत्तेचे पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक असे तीन थर मानले की पापपुण्याचा भेद व्यवहारापुरता उरतो, आणि जो भेद अखेरीस मिथ्याच ठरावयाचा त्याच्यावर नीतीची इमारत कशी उभी राहणार, असा या टीकेचा रोख आहे. वेदान्ती यावर निरुत्तर होईल असे नाही. पण प्रश्न खोटा नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गोरे यांच्या लेखी बुद्धीचे काम ईश्वरी शब्द कोणता हे ओळखण्यापर्यंतच होते. तो ओळखला की त्यापुढे आज्ञापालन. उत्तरायुष्यात ते अँग्लिकन पंथाच्या परंपरानिष्ठ शाखेकडे झुकले आणि चर्चच्या अधिकाराला त्यांनी मोठे स्थान दिले, याचे म्हणूनच नवल वाटावयास नको. शास्त्र बदलले, श्रद्धा आणि तर्क यांची पायरी मात्र १८४४ मध्ये होती तीच राहिली. हे विधान कठोर वाटले तरी त्यात अनादर नाही. इतकी सुसंगती फार थोड्या विचारवंतांत आढळते.

याच गोरे यांच्या युक्तिवादाचा पंडिता रमाबाईंवर परिणाम झाला. कलकत्त्यात असताना रमाबाई ब्राह्ममताकडे ओढल्या गेल्या होत्या. ब्राह्मसमाजी ज्याला मानवी बुद्धीला निसर्गतः उमगणारा धर्म म्हणतात, तो वस्तुतः ख्रिस्ती शिकवणुकीतून उसना घेतलेला आहे, असे गोरे यांनी त्यांना पटवून दिले. या युक्तिवादाने रमाबाईंची बुद्धी जिंकली. मन मात्र आधीच दुसरीकडे गुंतले होते. धर्मग्रंथ परस्परांशी हरघडी भांडतात, परंतु स्त्रीजातीला हीन लेखण्यात आणि तिला पुरुषाप्रमाणे मोक्ष नाकारण्यात त्यांचे एकमत होते, हा त्यांच्या शास्त्राध्ययनाचा निष्कर्ष होता. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथील भगिनींनी फुलहॅमला चालविलेला आश्रम त्यांनी पाहिला. ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून टाकून दिले होते, त्यांची सेवा तेथे चालली होती. ही दया कोठून येते, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नैतिक प्रश्न आधी, बौद्धिक संमती त्याच्या जोडीला, आणि श्रद्धा, तिच्या पूर्ण अर्थाने, अजून दूरच.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे या कथेतील सर्वांत मोलाची होत. चेल्टनहॅम येथे असताना रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका काढल्या. चर्च सांगते एवढ्यावरून एखादे मत स्वीकारण्यास नकार दिला. अंडे घातलेले पक्वान्नही त्या खात नसत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना या साऱ्यात अहंकार दिसला. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने झुगारून दिल्यावर दुसऱ्याचे मानेवर घ्यावयाचे नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. डोरोथिया बील यांना मात्र हे मन अधिक कळले होते. ख्रिस्ती सत्य या बाईंच्या अंतःकरणाला पटले पाहिजे, त्यावाचून ते त्यांचे होणार नाही, हे त्यांनी ओळखले. गोरे यांच्या प्रमाणांनी पटलेली शिष्या गोरे जेथे थांबले तेथे थांबावयास तयार नव्हती.

हा वाद इंग्रजी पत्रांतून झाला आणि त्यात ‘कॉन्शन्स’ हा शब्द कळीचा आहे. मराठीत त्यासाठी ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा लांबलचक समास रूढ आहे. त्याची थट्टा पुष्कळ होते, पण त्याची घडण अर्थपूर्ण आहे. वेदान्तातील विवेक हा नित्य आणि अनित्य यांचा. या समासातील विवेक बरे आणि वाईट यांचा. सत् म्हणजे जे आहे ते, की जे चांगले आहे ते? गोरे यांनी वेदान्ताशी मांडलेला सारा झगडा या दोन अर्थांमधील फटीत बसतो. रमाबाईंना तर बुद्धी आणि नीती वेगळ्या करताच येत नसत. एकीने नाकारलेले दुसरीने स्वीकारावे, ही तडजोड त्यांच्या स्वभावात नव्हती.

१८९१ च्या सुमारास त्यांना जो आंतरिक अनुभव आला, त्याची हकीकत १९०७ मधील त्यांच्या आत्मनिवेदनात आहे. आपल्याला धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, असा त्यांचा स्वतःविषयीचा निवाडा आहे. तो वाचताना आधीच्या पत्रांतील वादपटू रमाबाई कोठे गेल्या, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होय. त्याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या कामात शोधावयास हवे. मराठी बायबल उपलब्ध असताना त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून नवे भाषांतर आरंभिले. संस्कृतच्या या पंडितेने जडजंबाल संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले, कारण तिच्या मनासमोर अल्पशिक्षित स्त्री होती, आणि त्या शब्दांना चिकटलेले जुने अर्थही तिला नको होते. गोरे यांच्या संस्कृत ग्रंथात ‘श्रद्धा’ हा शब्द राज्य करतो. मराठी बायबलात त्या जागी ‘विश्वास’ आहे, जो शास्त्रावर नव्हे तर माणसावर ठेवतात. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी या भाषांतराचे खिळे जुळविले. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.