उपवासकाळ: त्यागाकडून सेवेकडे नेणारे चाळीस दिवस

राखेच्या बुधवारी देशभरातील कॅथलिक चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखला जातो आणि ईस्टरपूर्व उपवासकाळास प्रारंभ होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख तयार करतात. मनुष्य मातीतून आला आहे व मातीतच मिळणार आहे, याचे स्मरण ती करून देते. त्यानंतरचे सुमारे साडेसहा आठवडे प्रार्थना, संयम आणि परोपकार यांना वाहिलेले असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ७८ लाख ख्रिस्ती आहेत. त्यांपैकी कॅथलिक समाज लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार या तीन उपासनापरंपरांत व १७० हून अधिक धर्मप्रांतांत विभागलेला आहे. प्रत्येक धर्मप्रांतात अनेक धर्मग्राम असतात. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या क्षेत्रातील भाविकांचा समुदाय. उपवासकाळाचे नियम संपूर्ण चर्चसाठी ठरलेले असले, तरी हा काळ प्रत्यक्षात जगला जातो तो या धर्मग्रामात. एकाच धर्मग्रामात सुखवस्तू कुटुंबे असतात, तशीच हातावर पोट असलेलीही असतात. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न मुश्किलीने शिजते, त्याला उपवासाचा उपदेश करण्यात काय अर्थ, हा प्रश्न म्हणूनच येथे टाळता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधतानाच उपवासकाळाचा खरा आशय स्पष्ट होतो.

चाळीस दिवसांची गणना

येशू ख्रिस्ताने आपल्या कार्याला आरंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला आणि एलिया संदेष्ट्याने होरेब पर्वतापर्यंत चाळीस दिवस वाटचाल केली, अशा कथा बायबलच्या जुन्या करारात येतात. इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या निकाया येथील धर्मसभेच्या नियमांतही ईस्टरपूर्व चाळीस दिवसांचा उल्लेख आढळतो.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपवास नसतो. सहा रविवार वगळले की चाळीस दिवस उरतात. उपासनेच्या पंचांगानुसार मात्र हा काळ पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सेपूर्वी समाप्त होतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी ईस्टर येत असल्याने तारखा दरवर्षी बदलतात. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला आणि ईस्टर २० एप्रिलला होता. २०२६ साठी या तारखा अनुक्रमे १८ फेब्रुवारी आणि ५ एप्रिल अशा आहेत.

भारतीय भाषांनी या काळाला दिलेली नावेही बोलकी आहेत. मराठीत त्यास उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. हिंदी भाषक कॅथलिक त्याला ‘चालीसा’ म्हणतात, तर तमिळमधील ‘तवक्कालम्’ या नावात तपाचा अर्थ आहे. गोव्यातील ‘कोरेज्म’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी चाळीस हीच संख्या आहे.

नियम थोडे, अपेक्षा मोठी

सक्तीचे नियम आज बरेच सौम्य आहेत. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये प्रायश्चित्ताच्या नियमांची फेररचना केली आणि १९८३ च्या धर्मसंहितेने तीच दिशा कायम ठेवली. त्यानुसार राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. १८ वर्षे पूर्ण झालेल्या व साठाव्या वर्षात पदार्पण न केलेल्या व्यक्तींना तो लागू होतो. या दिवशी एकदाच पूर्ण जेवण घ्यावयाचे असते. अन्य दोन वेळा अल्पाहार चालतो. मांसवर्ज्याचा नियम वयाच्या चौदाव्या वर्षानंतर लागू होतो. आजारी व्यक्ती, गर्भवती व स्तनदा माता तसेच कष्टाची कामे करणारे यांना उपवासातून सूट मिळू शकते.

शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची जुनी प्रथा आहे. परंतु त्याऐवजी अन्य प्रकारचा संयम किंवा परोपकाराचे कृत्य ठरवून देण्याचा अधिकार प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेला आहे. भारतात या सवलतीला विशेष अर्थ आहे. जे एरवीही शाकाहारी आहेत, त्यांच्या बाबतीत मांस न खाण्यात त्याग होत नाही. दुसरीकडे मासळीवर बंधन नसल्याने किनारपट्टीवरील एखादे कुटुंब कोंबडी टाळून तिच्याहून महाग पापलेट किंवा सुरमई आणू शकते. नियमाचे अक्षर पाळले जाते. आशय मात्र हरवतो. अनेक धर्मगुरू उपवासकाळातील प्रवचनांतून नेमक्या याच विसंगतीकडे लक्ष वेधतात.

राखेच्या बुधवारी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचे वाचन होते. दान, प्रार्थना व उपवास या तिन्ही गोष्टी लोकांना दाखवण्यासाठी करू नयेत, हा त्यातील बोध आहे. त्याच आठवड्यात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५८ वा अध्यायही वाचला जातो. भुकेल्यास अन्न, निराश्रितास आसरा आणि अन्यायाने जखडलेल्यास मुक्ती हाच देवाला प्रिय असलेला उपवास होय, असे तेथे प्रतिपादन केले आहे. गरिबाने अधिक उपाशी राहावे अशी अपेक्षा या परंपरेत नाही. ज्याच्याकडे अधिक आहे, त्याने आपले थोडे कमी करून ते दुसऱ्याच्या पानात वाढावे, अशी ती अपेक्षा आहे.

साधेपणा: देवळात आणि घरात

उपवासकाळातील साधेपणा सर्वप्रथम देवळातच दिसतो. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळ्या रंगाची असतात. वेदीवर फुलांची आरास केली जात नाही. आनंदाचा ‘आलेलुया’ हा घोष आणि मिस्सेतील गौरवगीत सामान्यतः थांबवले जाते, वाद्यांचा वापरही गायनाला साथ देण्यापुरता मर्यादित राहतो. चौथ्या रविवारी मात्र गुलाबी वस्त्रे व फुले यांना मुभा असते. ईस्टर जवळ येत असल्याची ती खूण होय.

घराघरांत हा संयम निरनिराळी रूपे घेतो. कोणी मद्य व धूम्रपान सोडते, कोणी चहा किंवा गोड पदार्थ वर्ज्य करते. विवाहसमारंभ व मेजवान्या शक्यतो पुढे ढकलल्या जातात. अलीकडच्या काळात मोबाइल, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे यांचा वापर कमी करण्याचे संकल्पही केले जातात. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक ‘लाउदातो सी’ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर पाणी, वीज व प्लास्टिक यांच्या वापरातील काटकसरीलाही उपवासकाळाच्या संकल्पांत स्थान मिळू लागले आहे.

प्रांतोप्रांतीच्या परंपरा

केरळमधील सिरो-मलबार परंपरेत हा काळ बुधवारऐवजी सोमवारी सुरू होतो. तेथे रविवारही मोजले जातात, त्यामुळे उपवास पन्नास दिवसांचा मानला जातो. अनेक कुटुंबे या संपूर्ण काळात मांसाहार करीत नाहीत. काही जण मासे, अंडी आणि दूधही सोडतात. एर्नाकुलम जिल्ह्यातील मलयाट्टूरच्या डोंगरावर हजारो यात्रेकरू क्रूस घेऊन चढतात. प्रेषित संत थॉमस यांनी तेथे प्रार्थना केली होती, अशी श्रद्धा आहे. पवित्र गुरुवारी घरातील कर्ता पुरुष बिनखमिराची ‘पेसहा अप्पम’ मोडून सर्वांना वाटतो.

गोव्यात कार्निव्हलचा उत्सव मंगळवारी संपतो आणि दुसऱ्याच दिवशी वातावरण पालटते. उपवासकाळात तेथे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील मोतेत गायले जातात. गोवा वेल्हा येथील संत अँड्र्यू चर्चची संतांची मिरवणूक पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघते. फ्रान्सिस्कन परंपरेतून आलेल्या या मिरवणुकीत संतांचे पुतळे खांद्यावरून नेले जातात.

महाराष्ट्रात वसई परिसरातील उपासना मराठीतून होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी करून दिल्यानंतर येथील मिस्सा, ‘क्रुसाची वाट’ आणि भक्तिगीते मराठीत रूढ झाली. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. उपवासकाळातील शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती केली जाते. येशूला झालेल्या मृत्युदंडापासून त्याच्या दफनापर्यंतचे प्रसंग चौदा स्थानांवर थांबून चिंतिले जातात. स्थानांची ही संख्या १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी निश्चित केली. काही ठिकाणी ही वाट देवळाबाहेर, वस्तीतून वा टेकडीवरून काढली जाते आणि एकेका स्थानाशी बेरोजगारी, व्यसन, स्थलांतर यांसारखे प्रश्न जोडले जातात.

वाचवलेला पैसा कुठे जातो?

उपवासातून वाचलेली रक्कम गरजूंपर्यंत पोहोचावी, यासाठी धर्मग्रामांत ठरावीक व्यवस्था असते. काळाच्या आरंभी कुटुंबांना लहान पेट्या किंवा पाकिटे दिली जातात. न खाल्लेल्या जेवणाचे, न पाहिलेल्या चित्रपटाचे पैसे त्यांत टाकले जातात आणि ईस्टरच्या सुमारास ती चर्चमध्ये जमा होतात. मुलांना दानाची सवय याच पेटीतून लागते. १९६२ मध्ये स्थापन झालेली ‘कॅरितास इंडिया’ ही चर्चची समाजकार्य संस्था दरवर्षी याच काळात भूक व रोगराई यांच्याविरुद्ध मोहीम राबवते.

धर्मग्रामाच्या पातळीवर संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते गरजू कुटुंबांच्या घरी जातात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या या कार्यात गृहभेटीला मध्यवर्ती स्थान आहे. मदत हाती ठेवून परतायचे नाही. बसायचे, ऐकून घ्यायचे, हा त्यामागील दृष्टिकोन आहे. रुग्णालयांतील व वृद्धाश्रमांतील भेटी, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींना घरी ख्रिस्तप्रसाद देणे, शालेय शुल्काला हातभार लावणे अशी कामेही या काळात वेग घेतात.

गरीब कुटुंबे या व्यवस्थेत केवळ मदत घेणारी नसतात. छोटानागपूर भागातील आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांत रोजचे जेवण शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची पद्धत आहे. जमलेला तांदूळ चर्चमार्फत सामायिक कामासाठी वापरला जातो. एका मुठीने घरचे जेवण फारसे कमी होत नाही; पण अनेक घरांच्या मुठी मिळून पोते भरते. देणाऱ्याचा आत्मसन्मानही त्यात राखला जातो.

२०२० चा उपवासकाळ या दृष्टीने कसोटीचा ठरला. कोरोना साथीमुळे मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पवित्र सप्ताहात चर्चचे दरवाजे बंद राहिले. भाविकांनी घरी बसून दूरचित्रवाणी व इंटरनेटवरून मिस्सेत भाग घेतला. रोजगार गमावलेल्या मजुरांसाठी शिधा व तयार अन्न पुरवण्याचे काम मात्र अनेक धर्मग्रामांतून सुरू राहिले. देवळात एकत्र येता येत नसतानाही सेवा करता येते, हे त्या वर्षी प्रत्ययास आले.

अंतरंगाचे नूतनीकरण

दान आणि संयम यांना अंतःकरणातील परिवर्तनाची जोड नसेल तर ते कोरडे कर्मकांड ठरते, अशी चर्चची शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीसंबंधीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले की, उपवासकाळातील प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक नसावे, ते बाह्य आणि सामाजिकही असावे.

यासाठी धर्मग्रामांत प्रवचनमाला व तपःसाधनेचे आयोजन होते. प्रायश्चित्त संस्कारासाठी शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मगुरूंना पाचारण केले जाते. गंभीर पापांचे वर्षातून किमान एकदा निवेदन करावे, असा नियम असल्याने या दिवसांत चर्चमध्ये रांगा लागतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रभूसाठी चोवीस तास’ या उपक्रमात चौथ्या रविवारपूर्वीच्या शुक्रवार-शनिवारी आराधना आणि पापनिवेदनाची सोय केली जाते. कबुलीइतकेच महत्त्व समेटालाही आहे. जमिनीवरून वा वारसाहक्कावरून दुरावलेले भाऊ, बोलणे टाकलेले शेजारी यांनी या काळात एकमेकांकडे जावे, असे आवर्जून सांगितले जाते. अनेकांच्या दृष्टीने मांस सोडण्यापेक्षा हे पाऊल कितीतरी अवघड असते.

ईस्टरला बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी हे अंतिम तयारीचे दिवस असतात. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी विशेष प्रार्थनाविधी होतात. प्राचीन चर्चमध्येही उपवासकाळाचा संबंध या तयारीशी होता.

पवित्र सप्ताहाकडे

झावळ्यांच्या रविवारी पवित्र सप्ताह सुरू होतो. पवित्र गुरुवारी धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याचे हे स्मरण. २०१६ च्या निर्णयानुसार या विधीत स्त्रियांनाही सहभागी करून घेता येते. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. दुःखसहनाचे वाचन आणि क्रुसाची आराधना होते. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी चेतवून पास्काची मेणबत्ती पेटवली जाते आणि भाविक आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांची पुन्हा उजळणी करतात.

चाळीस दिवसांच्या साधनेचा कस ईस्टरनंतर लागतो. सोडलेल्या वस्तू पुन्हा ताटात येतात, देवळात फुले परततात. त्यानंतरही गरजू घराची भेट सुरू राहिली, तुटलेले नाते जुळलेले राहिले आणि गरजेपेक्षा अधिक साठवण्याची ओढ थोडी कमी झाली, तर तो उपवासकाळ सार्थकी लागला, असे मानले जाते.