एकोणीस हजार किलोमीटरवरचा शेजार

१८ ऑक्टोबर १९२४. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, शॅग व्हॅली नावाच्या खोऱ्यात दिवस मावळत होता. पहिल्या महायुद्धातून प्रकृती बिघडून घरी परतलेला फ्रँक बेल मेंढ्यांच्या कुरणावरच्या आपल्या घरात मोर्सची कळ दाबत बसला होता. तेव्हा लंडनमध्ये सकाळ होत होती आणि मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी कानाला हेडफोन लावून बसला होता. बेलची कट्‌-कडकट्‌ त्याला ऐकू आली. त्याने उत्तर दिले आणि तेही पोचले. दोघांमध्ये अंतर सुमारे १९ हजार किलोमीटर! पृथ्वीवर याहून फार लांब जाताच येत नाही. आणखी थोडे पुढे गेले की माणूस उलट जवळ यायला लागतो.

हे दोघे ज्या लहरींवर बोलले, त्या खरे तर टाकाऊ मानल्या गेल्या होत्या. लांबचा पल्ला गाठायचा तर तरंगलांबीही मोठी हवी, अशी त्या काळच्या जाणकारांची समजूत. म्हणून १९१२च्या अमेरिकी कायद्याने हौशी रेडिओ मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर पिटाळले. खेळा तिकडे! भाऊबंदकीत वाट्याला आलेल्या खडकाळ तुकड्याला बारमाही पाणी लागावे, तसे झाले. डिसेंबर १९२१मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून बसला आणि त्याने अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश पकडले. १९२३च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या नीसहून लेऑन डेलॉय याने अमेरिकेशी दुतर्फा संभाषण केले. पुढच्या अकरा महिन्यांत पृथ्वीचे दुसरे टोक गाठले गेले.

रेडिओलहर सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी तर गोल. मग ती लंडनला वळली कशी? उत्तर आयनांबरात आहे. सूर्याचे अतिनील किरण उंचावरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या थरात शिरलेली लघुलहर वाकत वाकत पुन्हा जमिनीकडे येते. सुमारे २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा ‘एफ’ थर एका टप्प्यात तिला चार हजार किलोमीटरपर्यंत नेऊ शकतो. मग समुद्रावर आपटून पुन्हा वर, पुन्हा खाली. कॅरमची सोंगटी कडांवर आपटत जावी तशी. याच्या बराच खाली ‘डी’ नावाचा एक थर असतो. तो दिवसा कमी कंप्रतेच्या लहरी गिळून टाकतो आणि सूर्य गेला की विरून जातो. त्यामुळे जिथे दिवस उजाडतो किंवा मावळतो, त्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात फार मजेशीर स्थिती असते: खालचा गिळणारा थर नाही, वरचा वाकवणारा मात्र जागेवर. बेल आणि गॉयडर दोघेही याच पट्ट्यात बसले होते. लहरी वाकवणारा थर असावा, असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२मध्येच केला होता. पण एडवर्ड ॲपलटनने प्रयोगाने त्याचा पुरावा दिला तो डिसेंबर १९२४मध्ये, म्हणजे या दोघांच्या गप्पा झाल्यावर दोन महिन्यांनी. ॲपलटनला पुढे १९४७चे नोबेल मिळाले.

आज कुणाशी बोलणे होणार, हे हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, बाबतीत असे आकाश ठरवते. फोन आपण ओळखीच्याला करतो. हॅम ‘सीक्यू’ अशी हाक घालतो. तिचा अर्थ एवढाच, की जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे. आपल्याकडून संध्याकाळी १४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर युरोप बरेचदा लागतो. वळिवाच्या दिवसांत खालच्या पट्ट्यांवर मात्र विजांची खरखर एवढी, की माणसाचा आवाज शोधावा लागतो.

आणि मग बोलायचे काय? आंतरराष्ट्रीय नियमांनी हौशी संभाषण तांत्रिक आणि वैयक्तिक किरकोळ गोष्टींपुरते ठेवले आहे. धंदा नाही, गुप्त भाषा नाही. राजकारण आणि धर्म यांपासून हॅम स्वतःहूनच लांब राहतात. उरते काय, तर तुमचा संदेश किती स्पष्ट येतोय, नाव काय, गाव कुठले, अँटेना कोणती आणि हवामान कसे आहे. याला कुणी पोकळ गप्पा म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्याकडेही नव्या शेजाऱ्याशी बोलणे ‘पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे’ इथूनच सुरू होते ना? शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकी आणि सोव्हिएत हॅम एकमेकांना हवामान सांगत होते. बोलणे झाल्याची पावती म्हणून पाठवायची ‘क्यूएसएल’ कार्डे मॉस्कोच्या ८८ क्रमांकाच्या टपालपेटीवर जात.

भाषेचीही अडचण फारशी पडत नाही. ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण, ‘७३’ म्हणजे शुभेच्छा, ‘८८’ म्हणजे प्रेम; मोर्समध्ये हसायचे तर चार टिंबे, थोडी उसंत आणि दोन टिंबे. एवढ्या शिदोरीवर जपानी आणि ब्राझिलियन माणूस दोन घटका बोलू शकतात. पुरुष विशीतला असो की ऐंशीचा, तो ‘ओएम’, म्हणजे म्हातारबा. जॉर्डनचे राजे हुसेन ‘जेवाय१’ या संकेतनावाने हवेत येत आणि नाव विचारले तर नुसते ‘हुसेन’ सांगत.

डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद या हॅमची तुकडी पोर्ट ब्लेअरला असेच, गप्पांसाठी उतरली होती. अंदमानहून हौशी रेडिओ कित्येक वर्षे ऐकू आला नव्हता. जगभरचे हॅम त्या बेटांशी बोलायला टपून बसलेले. २६ तारखेला त्सुनामी आली. मग हवामानाऐवजी बेपत्ता माणसांची चौकशी त्याच संचांवरून जाऊ-येऊ लागली.

गॉयडरचे पुढे काय झाले? तो १९३६मध्ये भारतात आला, ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून. आपल्या आजोबांच्या घरातल्या रेडिओवर दिल्लीचा आवाज आणणारे लघुलहरींचे जाळे त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. फ्रँक बेल शेतीत गुंतला. त्याची कळ बहीण ब्रेंडाने हाती घेतली आणि १९२७मध्ये दक्षिण आफ्रिकेशी बोलणारी ती पहिली न्यूझीलंडवासी ठरली. हॅमच्या बोलीत ब्रेंडा ‘वायएल’, म्हणजे तरुणी. पुरुष विशीतच म्हातारबा होतो. बाई मात्र ऐंशीची झाली तरी तरुणीच.