केकवरचा फोंडंट : घरी मळावा की तयार आणावा?



नातवाच्या बार मित्झ्वाचा केक मी घरीच करीन, असे सुनेला बोलून बसले आणि जिवाला घोर लावून घेतला. आपल्या लहानपणी ठाण्याला केक म्हणजे बेकरीतला, वर क्रीमची गुलाबी फुले. आताच्या मुलांना तो चालत नाही. त्यांना केक हवा अगदी गुळगुळीत, चिनी मातीच्या भांड्यासारखा. वरचा तो गुळगुळीत थर म्हणजे फोंडंट. इथे हिब्रूत त्याला बत्सेक सुकार म्हणतात, म्हणजे साखरेची कणीक. नाव अगदी बरोबर आहे. ती मळतात, लाटतात आणि पोळीसारखी उचलून केकवर पांघरतात. तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या बाईला यात भिण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की ही कणीक मार्शमेलो वितळवून घरी करायची की तयार डबा आणायचा. मी दोन्ही करून पाहिले, म्हणून लिहिते.

आधी यात असते काय ते सांगते. तयार फोंडंटमध्ये पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, थोडी चरबी, ओलावा धरून ठेवायला ग्लिसरीन आणि कणकेला ताण यावा म्हणून जेलाटिन किंवा एखादा डिंक असतो. मार्शमेलोत साखर, ग्लुकोज आणि जेलाटिन आधीच असते. म्हणून तो वितळवून त्यात पिठीसाखर मळली की घरच्या घरी फोंडंट होतो. वेगळे ग्लिसरीन शोधत फिरावे लागत नाही.

पण सगळी गोम त्या जेलाटिनमध्येच आहे. जेलाटिन जनावराच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात, आणि परदेशात ते पुष्कळ वेळा डुकराचे असते. मुलाने बाहेरगावाहून येताना मार्शमेलोच्या दोन पिशव्या आणल्या. मी पहिला प्रयोग त्यावरच केला. वितळवले, मळले, एक गोळा लाटूनही पाहिला. छान जमला म्हणून खूश होते. भांडी घासायला घेतली तेव्हा नातीने रिकामी पिशवी उचलून बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाली, "आजी, यात डुक्कर आहे." मी मटकन खुर्चीत बसले. हातात आईचे लाटणे होते, ठाण्याहून आणलेले. आईने त्यावर पन्नास वर्षे पोळ्या लाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सिनेगॉगच्या रब्बींना विचारायला गेले. त्यांनी एकेक गोष्ट नीट विचारून घेतली, काय गरम लागले आणि काय गार. गरम मिश्रण ढवळलेला लाकडी डाव टाकून द्या म्हणाले. लाटण्याला गारच गोळा लागला होता, ते चांगले घासून धुतले की पुरे. हे माझ्या घरचे उत्तर आहे. तुमच्याकडे असे काही झाले तर आपल्या रब्बींनाच विचारा. तो सगळा फोंडंट कचऱ्यात गेला. लाटणे वाचले.

तेव्हा मार्शमेलो इथलाच, शिक्का पाहून घ्या. कोशेर मार्शमेलोत बहुतेक माशाचे जेलाटिन असते. काही वस्तूंवर "काशेर ले-ओख्ले जेलाटिन" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, जे लोक जेलाटिन चालते असे मानतात त्यांच्यासाठी कोशेर. म्हणजे सर्वांना चालेलच असे नाही. समारंभाला नात्यातली कडक पाळणारी मंडळी येणार असतील तर तो शिक्का पुरा पडत नाही. तयार डब्यावरही हेच वाचायचे. काही तयार फोंडंट जेलाटिनशिवाय, नुसत्या डिंकावर केलेले असतात, तिथे हा प्रश्नच मिटतो. शिवाय पार्वे आहे ना ते बघा, कारण मटणाच्या जेवणानंतर केक वाढायचा असतो. त्याच कारणाने केकच्या अंगाला लोण्याचे क्रीम लावू नका. काळे पार्वे चॉकलेट दोन भाग आणि पार्वे क्रीम एक भाग असे वितळवून, गार करून लावले तर वरचा फोंडंटही नीट बसतो.

कुणी विचारेल, आपण चायना ग्रास वापरून का करू नये? मलाही वाटले होते. पण चायना ग्रास गोठले की तुटते, ताणले जात नाही. या कणकेला ताण हवा.

आता कृती. मार्शमेलो ४५० ग्रॅम, दोन-तीन मोठे चमचे पाणी, व्हॅनिला आणि साधारण ८०० ते ९०० ग्रॅम पिठीसाखर. मार्शमेलो आणि पाणी काचेच्या भांड्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद ठेवा, ढवळा, पुन्हा ३० सेकंद. एकदम दोन मिनिटे लावू नका, फुगून बाहेर येते. आणि बोटाने चाखून पाहू नका, हा पाक त्वचेला चिकटतो आणि चांगलाच भाजतो. वितळल्यावर अर्धी पिठीसाखर त्यातच कालवायची, बाकीची परातीत घेऊन मळायचे. हाताला आणि परातीला पांढरे वनस्पती तूप भरपूर लावा. पिवळे मार्गारिन लावले तर रंग पिवळट येतो.

मळणे मात्र सोपे नाही. रोश हशानाला चिकाचा हलवा ढवळताना शेवटी शेवटी खांदा भरून येतो ना, अगदी तसे. पहिली दहा मिनिटे सगळे बोटांना चिकटते आणि वाटते की बिघडले. बिघडलेले नसते, मळत राहायचे. ज्यांचे सांधे धरतात त्यांनी नातवंडांना बोलवावे किंवा सरळ डबा आणावा, यात कमीपणा काही नाही. मळलेला गोळा तूप लावून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर बाहेरच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कडक वाटला तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-दहा सेकंद पुरतात.

मग डबा कशाला? हवेसाठी. मी अश्दोदला राहते, समुद्र जवळ. ऑगस्टमध्ये इथे घरचा फोंडंट घाम आल्यासारखा ओला होतो, लाटताना ओट्याला धरतो. पिठीसाखर भुरभुरवली तर तीही पाणी धरते, म्हणून खाली कॉर्नफ्लोर भुरभुरवावे. माझी धाकटी बहीण दिमोनाला, वाळवंटात. तिची तक्रार उलटी. लाटता लाटताच तिच्या फोंडंटला कडेने भेगा पडतात. तिने हाताला तूप जास्त लावावे आणि गोळा सारखा झाकून ठेवावा. तयार फोंडंट ह्या दोन्ही गोष्टी जास्त सोसतो, पातळही लाटता येतो. काळा किंवा लाल असा गडद रंग हवा असेल तरी तयारच घ्या. घरच्या पांढऱ्यात तेवढा रंग घालता घालता तो सैल पडतो. निळे पट्टे, छोटी फुले एवढ्याला घरचा पुरतो, फक्त रंग जेलचा घ्या, पाण्यासारखा पातळ नको.

चवीला घरचा बरा, यात मला शंका नाही. तयार फोंडंट नुसता गोड लागतो आणि मुले सोलून बशीत टाकतात. घरच्याला व्हॅनिलाचा वास असतो. ज्यांना डायबिटीस आहे त्यांनी मात्र दोन्ही सोलूनच ठेवावा, ती साखरच आहे.

मी शेवटी काय केले? २० सेंटिमीटरच्या, १० सेंटिमीटर उंच केकला साधारण ७०० ग्रॅम फोंडंट लागतो. मी अर्धा घरचा आणि अर्धा तयार, दोन्ही एकत्र मळले. घरच्याची चव आली आणि तयार फोंडंटचा ताणही. ही युक्ती इथल्याच एका बेकरीवाल्या बाईने सांगितली.

एक गोष्ट राहिली. केक शब्बाथच्या किद्दूशला कापायचा होता. त्यावर नाव लिहिले तर शब्बाथला अक्षरांवरून सुरी चालवणे काही रब्बींना मान्य नाही, कारण ते अक्षर पुसण्यासारखे होते. म्हणून नातवाचे नाव मी फोंडंटच्या वेगळ्या पाटीवर लिहून दोन दिवस आधी वाळवून ठेवले. केक कापण्याआधी पाटी अख्खी उचलून बाजूला ठेवली. ती अजून नातवाच्या कपाटात आहे, मुंग्या लागतील असे मी रोज सांगते.

फोंडंट लावलेला केक फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर दव धरते आणि सगळे चिकट होते. आदल्या दिवशी लावून गार खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. उरलेला गोळा घट्ट गुंडाळला तर दोन-तीन आठवडे सहज टिकतो. माझ्याकडे मूठभर उरला आहे, अश्दोदला कुणाला हवा असेल तर येऊन घेऊन जा.