बिरसातली अक्का आणि तिची मीनहद्दु

आमची अक्का गेली चाळीस वर्षं मध्य प्रदेशात आहे. बालाघाट जिल्ह्यात बिरसा म्हणून तहसिलीचं गाव आहे, तिथं. निपाणीहून तिच्याकडं जायचं म्हणजे यात्राच. कोल्हापुरात महाराष्ट्र एक्सप्रेसला बसायचं, सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरायचं, तिथून बालाघाट गाठायचं आणि मग जंगलातून बैहरमार्गे बस. जवळच मलाजखंडची तांब्याची खाण आहे. 1982 साली ती सुरू झाली आणि पुढं दोन-तीन वर्षांत आमचे दाजी तिथं नोकरीला लागले. अक्का मागोमाग गेली ती तिथलीच झाली. आता ती शेजारणींशी हिंदी बोलते, बाजारात गोंडी कळते म्हणते, आणि फोनवर माझ्याशी निम्मं मराठी, निम्मं कन्नड. मला अजून ‘तम्मा’च म्हणते. मी सत्तेचाळीस वर्षांचा प्राध्यापक आहे हे तिच्या गावीही नाही.

दाजी 2009 च्या जानेवारीत गेले. मी गेलो होतो. पण नवीन नोकरी, कॉलेजात परीक्षा. तिसऱ्या दिवशी परत फिरलो. बाकीचेही दिवस झाल्यावर आपापल्या गावी गेले. भाचा पुण्याला नोकरीला. जाताना त्यानं आईच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडून दिला, फोनच्या तारेवरचं इंटरनेट जोडून दिलं आणि रविवारी तोंड बघून कसं बोलायचं ते शिकवलं. रविवार सोडून उरलेले सहा दिवस ते यंत्र काय करणार? अक्कानं त्यात एक घरटं शोधून काढलं.

घरटं स्कॉटलंडमधलं. पर्थशायर भागात डंकेल्ड गावाजवळ ‘लॉख ऑफ द लोज’ नावाचं तळं आहे. तिथं झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचा मोठा भारा रचून राहणाऱ्या ऑस्प्रे पक्ष्यांवर तिथल्या वन्यजीव संस्थेनं कॅमेरा लावला होता. घरबसल्या कुणीही बघावं. ऑस्प्रे म्हणजे आपल्या घारीएवढा, किंबहुना थोडा मोठाच, केवळ मासळीवर जगणारा पक्षी. अक्कानं त्याचं नाव ठेवलं मीनहद्दु. आता गंमत बघा. आम्ही लिंगायत. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि ही बाई सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूती लावून, फडफडणारा मासा डोक्याकडून कसा सोलत आणायचा ते बघत बसे! सासूबाई तेव्हा होत्या. त्या ‘शिव शिव’ म्हणून तोंड फिरवत आणि थोड्या वेळानं विचारत, “पिल्लानं खाल्लं का?”

त्या घरट्यातल्या मादीला तिथले लोक नुसतं ‘लेडी’ म्हणत. 1991 पासून दर वसंतात ती त्याच घरट्यात यायची. हे पक्षी हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गांबियाकडं जातात. जोडपं असलं तरी प्रवास ज्याचा त्याचा वेगळा. मादी आधी निघते, नर मागं राहून पिल्लांना मासे पुरवतो. पिल्लं तर आईबाप नसताना, वाट कुणी न दाखवता एकटीच जातात आणि दोन-तीन वर्षांनी परततात. परततात ती वाचलेली. बरीच वाचत नाहीत. अक्का हे सगळं मला फोनवर सांगायची आणि मी ‘हूं, हूं’ करत पेपर तपासायचो.

2010 च्या जूनमधला फोन मात्र आठवतो. रात्रीचे साडेबारा. अक्काचा आवाज बसलेला. “तम्मा, आमची बाई जाते रे.” मला वाटलं, शेजारची कुणी असेल. कोण म्हणून विचारलं तर ती लेडी! पक्षीण घरट्यात मान टाकून पडली होती, खात नव्हती, उठत नव्हती. तिथल्या जाणकारांनीही आशा सोडली होती. जगभरातून हजारो माणसं आपापल्या घरी बसून ते बघत होती. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं, आणि जूनमध्ये तिकडं रात्री दहापर्यंत उजेड असतो; म्हणजे आपले अडीच वाजेस्तोवर. अक्का तेवढा वेळ जागी.

मी चिडलो. जे बोलू नये ते बोललो. “एका पाखरासाठी एवढं? लोक हसतील.” पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, “तुझे दाजी गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी गेलास. मी काही बोलले नाही. इथं पाच बायका आहेत, रोज सकाळी विचारतात, अक्का, झोपलीस का.”

त्यावर मी काय बोलणार?

(लेडी त्या खेपेला वाचली. चार-सहा दिवसांनी उठली, खायला लागली, हंगाम संपल्यावर दक्षिणेला गेली आणि 2011 च्या वसंतात पुन्हा घरट्यात हजर झाली. अक्कानं भल्या सकाळी फोन करून एकच शब्द सांगितला, “बंद्ळु!” आणि ठेवून दिला.)

त्या पाच बायकांची नावं मी इथं देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. एक पर्थजवळची निवृत्त नर्स. एक हॉलंडमधली, नवरा अंथरुणाला खिळलेला. एक अमेरिकेत मोंटाना राज्यात राहणारी. तिच्या गावी, मिझूलाला, नदीकाठी ऑस्प्रेचं आणखी एक प्रसिद्ध घरटं आहे. तिथली मादी आयरिस. मोंटाना आपल्या साडेअकरा तास मागं, म्हणजे बिरसात दिवेलागणीला तिथं उजाडतं. अक्काचा दिवस असा दोन घरट्यांत वाटलेला: सकाळी नऊला स्कॉटलंडची न्याहारी, संध्याकाळी दिवा लावून झाला की मोंटानाची. मध्ये वीज गेली की सगळंच बंद. मग दुसऱ्या दिवशी बाकीच्या सांगत, तुझ्यामागं दोन मासे आले, एक मोठा होता.

मी विचारलं, रोज पक्ष्याबद्दल एवढं काय बोलता? तर बोलणं पक्ष्याबद्दल नसतंच. तीन अंडी घातली की पुढं साधारण सदतीस दिवस उबवणं. मादी बसलेली आहे, वारा सुटलाय, संपलं. त्या सदतीस दिवसांत बायका काय करणार? गुडघे, सुना, लोणची. हॉलंडच्या बाईनं लोकरीचे मोजे पाठवले. बिरसाच्या थंडीत ते खरंच उपयोगी पडले. अक्कानं कारळ्याची चटणी पाठवली, गुरेळ्ळु. दोन महिन्यांनी पोचली, आणि ती त्यांनी पावाला लोण्यावर लावून खाल्ली म्हणे. अक्काचं इंग्रजी बेताचं, शब्दकोश शेजारी घेऊन ई-मेल लिहायची. पहिल्या-पहिल्यांदा तिला काय लिहावं सुचेना, तेव्हा तिनं आपल्याकडं विचारतात तेच विचारलं: जेवण झालं का? त्यांना याचं फार नवल वाटलं. तिकडं कुणी असं विचारत नाही. हवा कशी आहे विचारतात. मग मूळ शब्द काय म्हणून त्यांनी विचारलं आणि त्या चौघी-पाचजणी एकमेकींना रोज ‘ऊट आतेनु?’ लिहू लागल्या. अक्का हे तिचं नाव आहे असंच त्यांना कितीतरी वर्षं वाटत होतं.

सगळं गोडच होतं असं नाही. 2012 च्या जूनमध्ये वेल्समधल्या डायफी नदीकाठच्या घरट्यावर वादळी पाऊस झाला. तीन पिल्लांपैकी दोन गेली. तिसरं शेवटच्या घटका मोजत होतं, तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांनी वर चढून त्याला खाली आणलं, भरवलं आणि परत ठेवलं. ते जगलं. त्याचं नाव केइलान. यावरून या मैत्रिणींत जुंपली. नर्सबाईंचं म्हणणं, डोळ्यांदेखत मरताना बघत बसायला मी तीस वर्षं नोकरी केली नाही. हॉलंडच्या बाईंचं म्हणणं, रान आहे, आपला दिवाणखाना नव्हे. आज हात घातला तर उद्या कुठं थांबणार? त्याच हिवाळ्यात केइलान सेनेगलमध्ये मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेला, तेव्हा तर वाद आणखी चिघळला. दोघी कितीतरी आठवडे एकमेकींशी बोलेनात. अक्का कुणाच्या बाजूची? मी विचारलं तर म्हणाली, “मी दोघींना रोज ऊट आतेनु लिहायची, बाकी काही नाही.” मला स्वतःला हॉलंडच्या बाईंचं म्हणणं पटतं. पण झाडाखाली मी उभा असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

2015 चा मार्च संपत आला तरी लेडी आली नाही. या बायका रोज वाट बघत. अक्काचा रोजचा एकच निरोप, “बरलिल्ल.” चोवीस हंगाम ती त्या एका घरट्यात आली होती, तिथं एकाहत्तर अंडी घातली, पन्नास पिल्लं उडवली. पुढं दुसरीच एक तरुण मादी येऊन तिथं बसली. नर्सबाईंना तिचा राग आला. अक्काला नाही आला. ती म्हणाली, रिकामं घर बघवत नाही, कुणीतरी आलं ते बरं.

आता 2021. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं काय चाललं होतं हे वाचकांना सांगायला नको. अक्काला ताप आला. शेजारच्या गोंड कुटुंबातल्या पोरानं जीप काढून तिला बालाघाटला नेलं. भाचा पुण्यात स्वतःच आजारी, मी निपाणीत अडकलेला. फोन लागला तर लागायचा. तिसऱ्या की चौथ्या रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. आकडा 44 नं सुरू होणारा, परदेशी. पलीकडून एक म्हातारी बाई भराभरा काहीतरी बोलू लागली. मी मराठीचा एम.ए.; साधं इंग्रजी कसंबसं समजतं, पण ते स्कॉटिश इंग्रजी म्हणजे मला कानडी घाटातलं वारंच वाटलं. मी ‘हू? हू?’ करतोय, ती आणखी मोठ्यानं बोलतेय. चुकून लागला असेल म्हणून ठेवणार, तेवढ्यात ती थांबली आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “अक्का... ऊट आतेनु?”

मग कळलं. अक्कानं ‘काही झालं तर’ म्हणून माझा नंबर कधीतरी देऊन ठेवला होता. मी म्हणालो, “नो ऊट. हॉस्पिटल. ऑक्सिजन.”

ती नर्स होती. तिनं विचारलं, किती? तेवढं समजलं. मी म्हणालो, एटी एट. पलीकडं श्वास घेतल्याचा आवाज आला. त्यानंतर रोज रात्री साडेअकराला तिचा फोन. आमच्यात दुसरं संभाषण शक्यच नव्हतं. ती म्हणायची “ऊट?” मी आकडा सांगायचो. एटी नाईन. नाइन्टी वन. एके दिवशी पुन्हा एटी नाईन. त्या रात्री ती फोन ठेवेचना, नुसती गप्प धरून बसली, आणि मीही. मग नाइन्टी फोर. तो आकडा ती हॉलंडला, मोंटानाला कळवत होती, हे मला नंतर समजलं. त्याच दिवसांत वेल्समध्ये ग्लासलिनच्या घरट्यातला एरन नावाचा नर पिसं तुटून जायबंदी झाला होता, त्याला मासे मारता येईनात, आणि तिथली माणसं घरट्याजवळ मासे नेऊन ठेवत होती. त्या वर्षी त्या घरट्यातून एकही पिल्लू उडालं नाही, पण जोडपं तगलं. अक्का शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हता, एरनबद्दल होता. मी नर्सबाईंना विचारून सांगितलं. एकदम फर्मास इंग्रजीत. “एरन, ऊट?” “येस, येस,” ती म्हणाली, “ऊट!”

गेल्या वर्षापूर्वीच्या, म्हणजे 2024 च्या, जानेवारीत मी अक्काला भिगवणला नेलं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात ऑस्प्रे येतात. ते स्कॉटलंडचे नव्हेत; आपल्याकडचे पाहुणे उत्तरेकडून, मध्य आशिया-सायबेरियाच्या बाजूनं येतात. हे अक्काला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरी पण चौदा वर्षं ज्याला काचेतून बघितलं तो पक्षी तिनं हवेत कधी पाहिला नव्हता. पहाटे होडीत बसलो. हेच भीमेचं पाणी पुढं पंढरपूर करून आपल्या विजयपूर-कलबुर्गीकडं जातं, असं मी सांगत होतो. ती ऐकत नव्हती. पाण्यात उभ्या वाळक्या झाडावर तो बसला होता, डोळ्यावरून तपकिरी पट्टा, छाती पांढरी. तो उडाला, वर एका जागी पंख मारत थांबला आणि पाय पुढं टाकून पाण्यात कोसळला. क्षणभर पूर्ण बुडाला. मग अंग झटकून उठला तेव्हा पायात मासा.

अक्का बोलली नाही. फोनही काढला नाही तिनं. किनाऱ्याला आल्यावर रेंज मिळाली तेव्हा तिनं तिघींना एकदमच कळवलं, दोन ओळी. नर्सबाई जाग्याच असाव्यात, तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली. लगेच उत्तर आलं. हे पक्षी मासा नेताना त्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेनं करतात आणि एक पाय पुढं, एक मागं असा धरतात. तर याचा पुढं कुठला पाय होता, डावा की उजवा?

अक्का माझ्याकडं बघू लागली. मला कुठं ठाऊक! तिनं परत जाऊन नावाड्याला विचारलं. त्यानं होडी बांधता बांधता, वर न बघता सांगितलं, “उजवा, मावशी.”